नायट्रसच्या बाजूने, नायट्रसवाल्यांच्या विरुद्ध

गेल्या पावसाळ्यात एका अभियांत्रिकी महाविद्यालयाने मुलांनी बनवलेल्या गाड्या बघायला बोलावलं होतं. तिथे प्रमुख वक्ते म्हणून आलेल्या सरांनी इंजिनाची ताकद वाढवायला वापरतात त्या नायट्रस ऑक्साइडवर पाऊण तास तोफ डागली. सर मोटारगाड्यांवर वर्षानुवर्षं शिकवत आलेले, माझ्यापेक्षा कितीतरी जास्त पुस्तकं वाचलेले गृहस्थ. त्यांचं म्हणणं तीन वाक्यांत मावतं. हा वायू म्हणजे डिकीत ठेवलेला बॉम्ब. त्यातून मिळणारी ताकद खरी नव्हे, ती लबाडी. आणि आज ना उद्या तो इंजिनाचा जीव घेतोच. मुलांनी टाळ्या वाजवल्या. मग नारळ झाला, शाल झाली, चहा झाला आणि मला बोलायचं होतं ते राहून गेलं.

माझं कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात बोअरिंग आणि क्रँक ग्राइंडिंगचं वर्कशॉप आहे. इंजिन धावत असताना लोक त्याचे फोटो काढतात. मेल्यावर ते माझ्याकडे येतं. नायट्रस लावून मेलेली इंजिनं मी उघडलेली आहेत, मोजकीच, पण उघडलेली आहेत. त्या बळावर सांगतो की सरांच्या तिन्ही वाक्यांत थोडं थोडं तथ्य आहे आणि तिन्ही वाक्यं चुकीची आहेत. आणि सरांचं ऐकून मनातल्या मनात हसणारी, डिकीत निळी बाटली लावायची स्वप्नं बघणारी जी चार पोरं मागच्या बाकावर होती, त्यांचं सरांपेक्षा जास्त चुकतं.

आधी बॉम्बचं बघू. सर स्वतः सीएनजीच्या गाडीतून आले होते. म्हणजे त्यांच्या पाठीमागे २०० बार दाबाने भरलेली टाकी होती आणि तिच्यात होतं चक्क जळणारं इंधन. नायट्रसच्या बाटलीत २० अंश तापमानाला दाब असतो साधारण ५० बार, म्हणजे त्याच्या चौथाई. आणि नायट्रस स्वतः पेटत नाही. जोसेफ प्रिस्टलीने १७७२ साली तो तयार केला, १८४४ मध्ये हार्टफर्डचे दंतवैद्य हॉरेस वेल्स यांनी तो हुंगून स्वतःची दाढ काढून घेतली, आणि आजही शस्त्रक्रियागृहांत भूल देताना तो रुग्णाच्या नाकाशी धरला जातो. बॉम्ब कुणी नाकाशी धरत नाही. (अमेरिकेत गाड्यांसाठी विकल्या जाणाऱ्या नायट्रसमध्ये मुद्दाम १०० पीपीएम सल्फर डायऑक्साइड मिसळतात, कुणी तो हसण्यासाठी ओढू नये म्हणून. त्या वासानंतर हसू येण्याची शक्यता नाही.)

पण इथे मी माझ्याच बाजूची लंगडी जागा लपवणार नाही. २६ जुलै २००७ रोजी कॅलिफोर्नियातल्या मोहावी इथे स्केल्ड कंपोझिट्स या कंपनीत अंतराळयानाच्या रॉकेटसाठी नायट्रस ऑक्साइडच्या प्रवाहाची चाचणी चालू होती. इंधन नव्हतं, ठिणगी लावायची नव्हती, फक्त वायू सोडून बघायचा होता. स्फोट झाला आणि तीन माणसं गेली. ऑगस्ट २०१६ मध्ये फ्लोरिडातल्या कँटोनमेंट इथल्या नायट्रसच्या कारखान्यात टँकर भरताना स्फोट होऊन एक कामगार गेला. हा वायू तुटताना उष्णता बाहेर टाकतो, हे त्यामागचं कारण. पुरेशी उष्णता मिळाली, नळीत तेल-ग्रीस किंवा कचरा असला, तर तो कुणाच्या मदतीशिवाय तुटत जाऊ शकतो. गॅस वेल्डिंगवाला ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला ग्रीसचं बोट लागू देत नाही, तेच शहाणपण इथे लागतं. कारच्या डिकीतली साडेचार किलोची बाटली आणि रॉकेटची टाकी यांत फार मोठं अंतर आहे, पण बाटली तापवायला तिच्यावर ब्लो टॉर्च धरणारा माणूस ते अंतर स्वतःच कमी करत असतो.

सीएनजीच्या टाकीला आपण घाबरत नाही, याचं कारण वेगळंच आहे. तिच्यावर शिक्का असतो, दर तीन वर्षांनी तिची पाण्याच्या दाबाने चाचणी होते, आणि या सगळ्यावर देखरेख करणारी पेसो ही केंद्र सरकारची संस्था नागपुरात बसून हे काम करते. आपल्याकडच्या नायट्रसच्या बाटलीची कागदपत्रं विचारा. कुणाच्या तरी मामेभावाने परदेशातून आणलेली, शिक्का खरवडलेला, आणि भरली कुठे, तर 'ओळखीच्या माणसाकडे' मोठ्या सिलिंडरमधून ओतून. सरांनी बोट वायूकडे दाखवलं. ते या ओतणाऱ्या माणसाकडे दाखवायला हवं होतं.

लबाडीचा आरोप मला तर गमतीचा वाटतो. इंजिनाला पेट्रोल हवं तेवढं पाजता येतं, खरी टंचाई असते हवेची, म्हणजे तिच्यातल्या ऑक्सिजनची. टर्बोचार्जर धुराड्यातून बाहेर पडणाऱ्या वायूवर चाक फिरवून जास्त हवा कोंबतो. सुपरचार्जर तेच पट्ट्यावर करतो. नायट्रस ऑक्सिजन बाटलीतून आणतो. हवेत वजनाने २३ टक्के ऑक्सिजन असतो, नायट्रस ऑक्साइडमध्ये ३६ टक्के. सिलिंडरमध्ये ३०० अंशांच्या पुढे तापमान गेलं की रेणू तुटतो आणि तो ऑक्सिजन मोकळा होतो. शिवाय द्रवरूपातून उकळताना, उणे ८८ अंशांना, तो आत येणारी हवा गार करतो आणि गार हवा दाट असते. यात लबाडी कुठे आहे? दुसऱ्या महायुद्धात जर्मन हवाई दलाने जीएम-१ नावाने हीच युक्ती विमानांत वापरली, कारण फार उंचावर विरळ हवेत इंजिनं धापा टाकायची. त्या युद्धात कुणाची बाजू काळी होती ते जगाला माहीत आहे, पण काळेपणा इंजिनातल्या वायूचा नव्हता.

नियम मोडला की लबाडी होते, हे मात्र खरं. १९७६ च्या डेटोना ५०० शर्यतीच्या पात्रता फेरीत ए. जे. फॉइट आणि डॅरेल वॉल्ट्रिप यांच्या वेळा नायट्रसच्या मुद्द्यावरून रद्द झाल्या, कारण तिथे त्याला मनाई होती. उलट अमेरिकेतल्या ड्रॅग रेसिंगच्या प्रो मॉड वर्गात नायट्रसवाली, टर्बोवाली आणि सुपरचार्जरवाली गाडी एकाच रांगेत उभी राहते आणि कुणी कुणाला लबाड म्हणत नाही. सरांना 'उसनी ताकद' म्हणायचं असेल तर माझी हरकत नाही. साडेचार किलोची बाटली ५० अश्वशक्तीच्या हिशेबाने जेमतेम चार मिनिटं पुरते. उसनं ते उसनंच. पण उसने पैसे खोटे नसतात.

आता तिसरा आरोप. नायट्रस इंजिन मारतो.

माझ्या टेबलावर एक पिस्टन आहे. एका हॅचबॅकचा, चार सिलिंडरच्या साध्या पेट्रोल इंजिनाचा. त्याच्या माथ्याला, एक्झॉस्टच्या बाजूला, करंगळी जाईल एवढं भोक आहे. कडा गुळगुळीत, वितळून वळलेल्या. दुसऱ्या रिंगेची बैठक तुटलेली. गाडीचा मालक म्हणाला, "काका, नायट्रसने खाल्लं." सरांनी तो पिस्टन बघितला असता तर तेही हेच म्हणाले असते.

उद्यमनगरात कुठल्याही शेडमध्ये गॅस कटिंग चाललेलं बघा. कटर आधी ॲसिटिलीनच्या ज्योतीने लोखंड लाल करतो. तोवर लोखंडाला काही होत नाही. मग तो टॉर्चची दांडी दाबतो, ज्योतीमधून शुद्ध ऑक्सिजनचा झोत सुटतो आणि जाड प्लेट चिरत जाते. ती चिरते कारण त्या क्षणी जळत असतं ते लोखंड. ॲसिटिलीनची ज्योत आता फक्त साथीला असते. इंधन आता प्लेट आहे. माझ्याकडच्या पिस्टनमध्ये नेमकं तेच झालं. आत ऑक्सिजन जास्त गेला, पेट्रोल तेवढं गेलं नाही, आणि त्या नरकात ऑक्सिजनला जे सापडलं ते ॲल्युमिनियम होतं. ६६० अंशांना वितळणारं.

तर मग पेट्रोल का गेलं नाही? याचं उत्तर देताना आकडे टाळून चालत नाही. अशा हॅचबॅकचं ८० अश्वशक्तीचं इंजिन पूर्ण जोरात असताना सेकंदाला साधारण ५ ग्रॅम पेट्रोल पितं. त्यावर ५० अश्वशक्तीचा नायट्रस लावला की सेकंदाला १८ ग्रॅमच्या आसपास वायू आत येतो आणि त्याच्या जोडीला आणखी ३ ग्रॅम पेट्रोल लागतं. म्हणजे ५ चे ८ झाले. कंपनीने दिलेला टाकीतला पंप ५ साठी, फार तर थोडं वर, असा निवडलेला असतो. कंपन्या काही उधळ्या नसतात. शेवटच्या दोन सेकंदांत, जेव्हा चालकाला वाटतं की आत्ता कुठे गाडी सुटली, नेमका तेव्हा पंपाचा दाब बसतो. पेट्रोल कमी पडलं, पण नायट्रस तसाच येत राहिला. माझ्याकडे आलेल्या गाडीत पंप जुना, फिल्टर चोंदलेला, आणि प्लग कंपनीने दिलेलेच होते. वायूने त्या इंजिनाला फसवलं नाही, पेट्रोलने दगा दिला.

सर, तुमच्या व्याख्यानात हे तीन आकडे आले असते तर पाऊण तासाची टीका दहा मिनिटांत संपली असती आणि मुलांना काहीतरी हाती लागलं असतं.

आणखी एक गोष्ट सरांनी सांगितली नाही आणि किट विकणारे तर कधीच सांगत नाहीत. हवा इंजिन स्वतःच्या वेगाप्रमाणे ओढतं, पण जेटला इंजिनाचे फेरे कळत नाहीत. तो पितळेचा बारीक तुकडा, त्याला हजाराव्या इंचात मोजलेलं भोक; बाटलीचा दाब आणि भोकाचा आकार यावर ठरेल तेवढा वायू तो सेकंदाला सोडत राहतो. इंजिन ६००० फेऱ्यांवर असेल तर चार सिलिंडरचे मिळून सेकंदाला २०० घोट होतात आणि १८ ग्रॅम दोनशे घोटांत वाटले जातात. ३००० फेऱ्यांवर घोट १००, म्हणजे प्रत्येक घोटात दुप्पट नायट्रस. २००० वर बटण दाबलं तर तिप्पट. पिस्टन अजून वर चढतो आहे, वरून स्फोटाचा दाब खाली येतो आहे आणि मध्ये कनेक्टिंग रॉड अडकलेला आहे. वाकलेले रॉड मी असे मोजलेत की व्ही ब्लॉकवर ठेवायचीही गरज नव्हती, डोळ्याला दिसत होतं. म्हणून फेऱ्यांवर चालणारा स्विच लागतो, जो ३००० च्या खाली नायट्रस सुटूच देत नाही आणि लिमिटरच्या आधी बंद करतो. आणि दुसरा स्विच, जो ॲक्सिलरेटर पूर्ण दाबल्याशिवाय वीज पुढे जाऊ देत नाही. चित्रपटात मात्र अंगठ्याखाली एक लाल बटण असतं. २००१ च्या 'द फास्ट अँड द फ्युरियस'ने जगभरातल्या पोरांना एवढंच शिकवलं की बटण दाबलं की रस्त्याच्या बाजूचे दिवे लांब होतात. प्रत्यक्षात सोलेनॉइडचा 'टक' असा आवाज होतो, आणि ज्याने काम नीट केलंय त्याच्या गाडीत त्यापलीकडे बघण्यासारखं काही नसतं.

टायमिंगबद्दल फार लिहीत नाही, कारण ते बहुतेकांना ऐकून तरी माहीत असतं. ऑक्सिजन जास्त म्हणजे ज्वलन वेगात, म्हणून ठिणगी उशिरा; ५० अश्वशक्तीमागे २ अंश मागे हा जुना ठोकताळा आहे आणि तो अजून चालतो. प्लग एक पायरी थंड. एवढं केलेलं असलं की ५० चा नायट्रस चांगल्या इंजिनाला वर्षानुवर्षं सोसतो.

इथून पुढे माझं भांडण सरांशी नाही, मागच्या बाकाशी आहे. या पोरांच्या तोंडी एक शब्द असतो: अपग्रेड. पन्नास लावला, मजा आली, आता शंभर. म्हणजे करायचं काय? दोन जेट बदलायचे, एक नायट्रसचा, एक पेट्रोलचा. पाच मिनिटांचं काम, पाना असला की झालं. सगळ्या सिस्टीममध्ये जेटइतकं स्वस्त काही नाही, म्हणून सगळ्यात आधी तोच बदलला जातो. आणि पंप, इंजेक्टर, प्लग, टायमिंग, ज्वलनाचं मिश्रण दाखवणारा लॅम्डा गेज हे सगळं 'पुढच्या पगाराला'. घरात लग्न ठरलं तर आधी मांडवाची जागा मोजतात. इथे आधी पत्रिका वाटतात.

ड्राय आणि वेट या शब्दांचंही असंच. ड्राय सिस्टीममध्ये इनटेकमध्ये नुसता नायट्रस सोडतात आणि जास्तीचं पेट्रोल गाडीच्या इंजेक्टरकडून मिळवतात. वेटमध्ये एकाच नोझलमधून दोन्हींचा फवारा होतो. विक्रेते सांगतात की वेट म्हणजे सुरक्षित. असतं, जर फवारा चारही सिलिंडरांना सारखा पोहोचला तर. पण आजचा प्लॅस्टिकचा इनटेक मॅनिफोल्ड हवेसाठी घडवलेला आहे. हवा वळणावर वळते. पेट्रोलचे थेंब जड, ते सरळ जाऊन भिंतीला आदळतात. एका सिलिंडरला जास्त, दुसऱ्याला कमी, आणि खालच्या खोलगट जागेत डबकं. मग एखादा बॅकफायर होतो आणि त्या मॅनिफोल्डच्या चिंध्या बॉनेटला चिकटतात. प्रत्येक सिलिंडरला स्वतंत्र नोझल देणारी डायरेक्ट पोर्ट सिस्टीम निघाली ती यासाठी. तिला 'जास्त पॉवरची सिस्टीम' म्हणून विकतात. खरं तर ती समान वाटणीची सिस्टीम आहे, आणि माझ्या मते शंभरच्या वर जायचं असेल तर सरळ तिथूनच सुरुवात करावी. पण तिला ड्रिलिंग, नळ्या सारख्या लांबीच्या वाकवणं, आठ जेट असं हातकाम लागतं आणि हातकामाचे पैसे द्यायला आपला माणूस नाखूश असतो.

या सगळ्यापेक्षा मला जास्त टोचणारी गोष्ट हवामानाची आहे. बहुतेक किटं अमेरिकेत आखलेली. जेटचे तक्ते बाटलीत ६० ते ६५ बार दाब धरून छापलेले, जो ३० अंशांच्या आसपास मिळतो. तिकडे थंडी, म्हणून किटबरोबर बाटली तापवायची इलेक्ट्रिक गोधडी विकतात आणि आपली पोरं ती गोधडीही मागवतात. कोल्हापुरात, एप्रिलमध्ये! नायट्रस ऑक्साइडचं क्रिटिकल तापमान आहे ३६.४ अंश. त्याच्या वर गेलात की बाटलीत द्रव आणि वायू असा भेदच उरत नाही, कितीही दाबा, द्रव होत नाही. दाब ७२ बार ओलांडून चढतो, जेटमधून काय जाईल आणि किती जाईल याचा छापील तक्त्याशी संबंध तुटतो. पेट्रोलच्या बाजूचा दाब मात्र आहे तेवढाच, ३ बारच्या आसपास. म्हणजे मिश्रण बिघडलंच. नागपूर-चंद्रपूरचा मे महिना सोडाच, आपल्याकडे उन्हात बंद उभ्या गाडीची डिकी पन्नाशी ओलांडते. त्यात बाटली ठरल्यापेक्षा जास्त भरलेली असेल तर तिच्या तोंडाची सेफ्टी डिस्क फुटते आणि सगळा वायू डिकीत. मी एका मित्राच्या गाडीत धावपट्टीवर बाटलीला ओलं गोणपाट गुंडाळलेलं बघितलंय, माठाला गुंडाळतात तसं. बाकीचे हसत होते. त्या दिवशी तिथे गेजकडे बघणारा तो एकटाच होता.

राहिला कायदा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या तपशिलांपासून गाडी दूर नेता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते ठामपणे सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने नियमबाह्य बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा बदलामागे ५००० रुपये दंड किंवा दोन्ही अशी तरतूद केली. तेव्हा रस्त्यावर नायट्रस नको, इथे सर आणि मी एकमताचे. पण माझं कारण कायद्याच्याही आधीचं आहे. रस्त्यावर ड्रॅग शर्यतीला लागणारे ४०२ मीटर मोकळे कधीच नसतात. गाडी ताकद वाढवून घेते. ब्रेक तेच राहतात, टायर तेच, आणि समोरून उसाची ट्रॉली दिव्याशिवाय येते. अँबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ड्रॅगच्या शर्यती होतात, तिथे जावं. गाडी डायनोवर, म्हणजे ताकद मोजायच्या यंत्रावर, चढवावी. तिथे मी नायट्रसच्या बाजूने उभा राहीन आणि सरांनी विरोध केला तर वाद घालीन.

गेल्या महिन्यात एक मुलगा आला होता. पन्नास व्यवस्थित चालतोय, शंभर लावून द्या म्हणाला. जेट खिशातच होते, कागदाच्या पुडीत. मी त्याला म्हटलं, इंजेक्टरला लागतो त्या दाबाखाली तुझा पंप मिनिटाला किती पेट्रोल देतो ते कुणा जाणत्याकडून मोजून आण, मग बोलू. चार दिवसांनी आकडा घेऊन आला. कमी होता. नव्या पंपाची किंमत विचारली, गप्प झाला, आणि पुडी माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवून गेला. अजून तिथेच आहे.

सरांनी एकदा मुलांना घेऊन उद्यमनगरात यावं, शनिवार सोडून कधीही. शनिवारी वीज नसते. भोक पडलेला तो पिस्टन मी पुढ्यात ठेवीन आणि शेजारच्या शेडमधल्या कटरला टॉर्च लावायला सांगीन. मग मुलांनाच विचारू की यात जळलं ते काय.